गावठी बोरांचा केक: धुऱ्यावर वेचण्यापासून निखाऱ्यावर भाजण्यापर्यंत

बाजारात ॲपल बोर आलं आणि गावठी बोराला कोणी विचारेनासं झालं. ॲपल बोर दिसायला टपोरं, हातात घेतलं की भरल्यासारखं वाटतं, तिखट-मीठ लावून खायलाही ठीक. पण शिजवलं की त्याला ना वास उरतो, ना आंबटपणा. गोडाचं काही करायचं असेल तर धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, कोणी न लावलेली आणि कोणी पाणी न घातलेली गावठी बोरच हवी. तिच्या बोरात गर कमी आणि बी मोठी, हे खरं. पण जो काही गर असतो त्याला चव असते.

पुढे सांगितलेला केक अंड्याशिवायचा आहे. त्यात मैदा नाही, साखर नाही. मुख्य सामान जाडसर गहू, गूळ, तूप आणि बोरांचा गर एवढंच. गावात ओव्हन नसतो म्हणून अडत नाही. ज्या घरात निखाऱ्यावर रोडगे आणि पानगे भाजतात त्या घरात केक होतोच. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. हा केक बिघडतो तो चुलीवर नाही, झाडाखाली. कोणती बोरं किती घेतली यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून या लेखात वेचणीला जास्त जागा दिली आहे.

कधी जायचं

आपल्याकडे विदर्भात गावठी बोरीला पावसाळा सरता सरता बारीक हिरवट-पिवळी फुलं येतात. डिसेंबरात बोरं पिवळी पडू लागतात, संक्रांतीला भर येतो आणि महाशिवरात्रीपर्यंत झाड रिकामं होतं. सुगडात घालायला किंवा बोरन्हाणाला बोरं हवीत तर संक्रांतीच्या आधी जावं लागतं. केकसाठी मात्र संक्रांतीनंतरचे दोन-तीन आठवडे उत्तम. तोवर एकाच झाडावर पिवळी, लाल आणि सुरकुतलेली अशी तिन्ही बोरं मिळतात, आणि आपल्याला तिन्ही लागणार आहेत. पोरांचं झेंडावंदन आटोपून २६ जानेवारीला निघालं तर सुट्टीही सत्कारणी लागते. बहुतेक वावरांतली तूर तोवर निघालेली असते, त्यामुळे धुऱ्यापर्यंत चालत जायला वाट मोकळी असते.

सकाळी फार लवकर जाऊ नका. दव असतं तोवर खाली पडलेल्या बोरांना माती चिकटते, आणि ओली बोरं पिशवीत दाबून आणली की दुसऱ्याच दिवशी त्यांना बुरशी लागते. दहाच्या सुमारास, ऊन झाडाखाली उतरलं की सुरुवात करावी. जेवणाच्या वेळेपर्यंत घरातल्या चार माणसांनी मिळून सहज पुरेशी बोरं होतात.

धुरा कोणाचा, ते आधी विचारा

बोर कोणी लावलेली नसली तरी धुरा कोणाचा तरी असतोच. आदल्या दिवशी शब्द टाकावा. "पोट्टे घेऊन येतो, चार बोरं वेचतो" म्हटलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही. कधी मालक एखादं झाड सोडायला सांगतात, कारण दुपारी भाकर सोडल्यावर कापूस वेचणाऱ्या बाया तिथे बसतात आणि त्या झाडावर त्यांचा हक्क असतो. तो मानावा.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न फवारणीचा. तुरीवर शेंगा धरताना आणि हरभऱ्यावर घाटे अळीसाठी याच हंगामात फवारे होतात, आणि वाऱ्याने उडालेलं औषध धुऱ्यावरच्या झाडावर बसतंच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-मजुरांना झालेली विषबाधा आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. म्हणून "शेवटचा फवारा कधी मारला, कोणता मारला" हे स्पष्ट विचारायचं. फवाऱ्यानंतर पीक काढायला किती दिवस थांबायचं ते औषधाच्या डब्यावर छापलेलं असतं. तेवढे दिवस गेले नसतील तर ती बोर यंदा सोडून द्या. पाण्याने धुऊन सगळं औषध जातं या भरवशावर राहू नका. पडीक जमीन, नाल्याचा काठ, गायरान, गावाबाहेरच्या देवळामागची जागा इथली झाडं या बाबतीत बरी. हमरस्त्याच्या कडेची मात्र नको. धूळ आणि गाड्यांचा धूर बोरांवर बसलेला असतो.

जंगलाला लागून गाव असेल तर अजून एक-दोन गोष्टी. ताडोबा, मेळघाट यांसारख्या संरक्षित जंगलात शिरून काही वेचायचं नाही. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत (गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला ते २००९ मध्येच मिळाले) तिथे ग्रामसभेला विचारून जावं. आणि अस्वल! त्याला मोहफुलाइतकीच बोरं प्रिय. जंगलकाठच्या बोरीखाली पहाटे किंवा दिवस मावळताना पोरं घेऊन जाणं हा वेडेपणा आहे. भर दिवसा जावं, बोलत-गलबला करत जावं, आणि झाडाखाली ताजी उकरलेली माती दिसली तर मागे फिरावं.

काय न्यायचं

एक जुनं लुगडं किंवा चवाळं. एक आकडी, म्हणजे बांबूच्या टोकाला बांधलेला आकडा. दोन टोपली, एक कापडी पिशवी. पाणी, आणि पोरांसाठी पोळीचा चिवडा. काटा काढायला सुई आणि चिमटा. सगळ्यांच्या पायात बूट. हवाई चप्पल चालणार नाही, बोरीचा वाळका काटा तिच्या तळातून सरळ वर येतो. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि डोक्याला दुपट्टा. स्वेटर घालून जाऊ नका, प्रत्येक फांदी त्याचा एकेक धागा ओढून घेईल.

बोरीची फांदी जरा जवळून पाहण्यासारखी असते. पान वरून हिरवं, गुळगुळीत. उलटून पाहिलं तर खालून पांढुरकं, लवदार. पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी, आणि जोडीतला एक काटा सरळ, दुसरा मागे वाकलेला. सरळ काटा टोचतो, वाकडा अडकवतो. पोरांना हे आधीच दाखवून ठेवा, कारण बाही अडकली की लहान मूल घाबरून हात पुढे ओढतं आणि वाकडा काटा अजून आत जातो. हात जसा आत गेला त्याच वाटेने मागे घ्यायचा, मग काटा आपोआप सुटतो. काटा मोडून आत राहिलाच तर तिथेच सुईने काढा, घरी गेल्यावर बघू म्हणू नका. खोल रुतला असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

कामाची वाटणी

घरातल्या वयस्क बाईला झाडाखाली खालची बोरं वेचायला बसवावं. ती बसल्या बसल्या जे निवडते ते आपल्याला उभ्याने जमत नाही. मोठ्यांपैकी एकाने आकडी धरायची. दोघांनी चवाळ्याची टोकं धरून फांदीखाली ताणायचं. पाच-सात वर्षांवरच्या पोरांनी चवाळ्यावर पडलेली बोरं रंगाप्रमाणे वेगळी करायची. हे काम त्यांना खेळासारखं वाटतं आणि आपलं खरं काम तेच करून देतात.

तीन-चार वर्षांखालच्या लेकरांना अख्खं बोर देऊ नये. बी गुळगुळीत, कडक आणि नेमकी घशात अडकेल एवढी असते. बोरन्हाणातही हे पाळायला हवं: बोरं डोक्यावरून ओता, पण खाली पडलेलं बोर रांगतं लेकरू तोंडात घालत नाही ना, इकडे एकाचं लक्ष असू द्या.

आकडीने फांदी अडकवून हलकेच दोन-तीन झटके द्यायचे. पिकलेली पडतात, कच्ची वर राहतात. झाडाने केलेली ही निवड आहे, तिचा मान ठेवावा. काठीने झोडपलं की कच्चीही पडतात, पिकलेली फुटतात, आणि काट्यांच्या डहाळ्या चवाळ्यावर येऊन पडतात त्या वेगळ्याच. दगड मारणाऱ्या पोरांना आमच्याकडची बुढी एका वाक्यात गप्प करते: "काहून रे, डोकं फोडाचं हाय का कोनाचं? खालची येच आधी!" आणि खरंच, रात्रीतून आपसूक गळालेली बोरं सगळ्यात गोड असतात. धड असतील, भोक पडलेलं नसेल, ओल्या मातीत रुतलेली नसतील तर ती आधी घ्यावीत.

तीन प्रकारची बोरं, तीन ढिगाऱ्या

सगळी मेहनत इथे सार्थकी लागते किंवा वाया जाते.

पहिली ढिगारी पिवळ्या बोरांची: कडक, चावली की कट्‌कन आवाज करणारी, आंबट-गोड. दुसरी लाल-तांबूस बोरांची: बोटाने दाबली की किंचित दबणारी, वासाची. तिसरी सुरकुतलेल्या बोरांची: गडद तपकिरी, साल बीवर चिकटत चाललेली, हलकी, चघळली तर खारकेच्या चवीकडे झुकणारी. बाजारात ही तिसरी कोणी विकत घेत नाही आणि केकला रंग व गोडवा देते तीच.

माझं प्रमाण असं: लाल दोन भाग, सुरकुतलेली एक भाग, पिवळी अर्धा भाग. पिवळ्यांमुळे आंबटपणा येतो, तो हवाच. तो नसेल तर केक नुसता गुळचट लागतो. पण हिरवी छटा असलेलं एकही बोर यात जाऊ देऊ नका. हिरवटपणात तुरटपणा असतो. आंबट चव गुळाने सावरता येते, तुरट चव कशानेच नाही; ती जिभेवर शेवटपर्यंत बसते. एका केकला साधारण एक किलो बोरं लागतात. दीड किलो आणा, कारण वाटेत खाल्ली जातात आणि निवडताना काही बाद होतात.

एखादं झाड चवीला मुळातच तुरट किंवा चिकट निघतं. म्हणून वेचायच्या आधी प्रत्येक झाडाची दोन-तीन बोरं खाऊन बघा आणि मगच चवाळं पसरा. धुऱ्यावरच्या प्रत्येक बोरीची चव वेगळी, कारण ती बीपासून आपोआप उगवलेली; कलमाच्या उमराण किंवा कडाका जातीसारखी सगळी झाडं एका चवीची नसतात. गावातल्या पोरांना कोणती बोर गोड ते पाठ असतं. त्यांना विचारलेलं बरं.

घरी आल्यावर: निवडणं आणि अळी

कोपरात (मोठ्या परातीत) बोरं ओता आणि ओसरीत उजेडात बसा. बोरात अळी असते, हे कबूल करून टाकू. फळमाशी कोवळ्या बोरात अंडी घालते, अळी गर खात बीपर्यंत जाते. वरून ओळखायची खूण: बोर एका बाजूने चेपलेलं, वेडंवाकडं वाढलेलं, कुठेतरी काळसर खळगा. अशी बाजूला काढा. मग प्रत्येक ढिगारीतली मूठभर बोरं नखाने उघडून पाहा. मूठभरात एखादं किडकं निघालं तर बाकीची एकेक उघडून घ्यायची. मुठीतली बरीच किडकी निघाली तर त्या झाडाची बोरं सोडून द्या, वेळ घालवू नका.

किडकी बोरं परत झाडाखाली फेकू नयेत. ही अळी जमिनीत शिरून कोष करते आणि पुढच्या हंगामात तीच माशी होऊन परत येते. बकऱ्यांना घाला, त्या आनंदाने संपवतात, किंवा चुलीत टाका.

निवडलेली बोरं तीन पाण्यांनी धुवा. सुरकुतलेल्यांच्या घड्यांत माती बसलेली असते, ती दहा मिनिटं पाण्यात ठेवून मग चोळून धुवावीत.

गर काढणं

स्टीलचा जाड बुडाचा गंज (पातेलं) घ्या. कल्हई नसलेलं पितळेचं भांडं नको, आंबट गर त्यात कळकतो. एक किलो बोरांना दोन वाट्या पाणी घाला. या लेखातली वाटी म्हणजे वरणाची साधारण १५० मिलिलिटरची. झाकण ठेवून मध्यम आचेवर वीस मिनिटं. पिवळ्या बोरांची साल फाटली आणि सुरकुतलेली फुगून टम्म झाली की उतरवायचं. कुकरमध्ये दोन शिट्ट्यांत होतं, पण उकळताना घरभर पसरणारा वास मग मिळत नाही.

कोमट झाल्यावर हात घालायचा. दुसरा उपाय नाही. मिक्सरमध्ये टाकाल तर बी पातं मोडेल, पुरणयंत्रात टाकाल तर जाळी. दोन्ही हातांनी कुस्करत बिया मोकळ्या करायच्या आणि काढून टाकायच्या; पोरांना हे काम फार आवडतं, फक्त आधी हात घासून धुवायला लावा. बिया निघाल्यावर राहिलेला लगदा पुरणाच्या चाळणीतून वाटीच्या बुडाने दाबून काढा. साली वर राहतील, खाली दाट, विटकरी रंगाचा गर पडेल.

हा गर पुन्हा गंजात घालून मंद आचेवर आटवा. पळी फिरवली की तळाची रेघ क्षणभर दिसली पाहिजे. गर पाणीदार राहिला तर केक मधोमध बसतो आणि कापल्यावर तळाशी ओला, चिकट थर निघतो. आटून साधारण दोन वाट्या उरायला हवा. बी मोठी असलेल्या बोरांचा कमी निघेल. तेव्हा बाकीचं सामान त्या हिशेबात कमी करा, गरात पाणी घालून दोन वाट्या भरू नका.

गर गरम असतानाच त्यात एक वाटी चिरलेला गूळ विरघळवा आणि चाखून बघा. या घडीला तो तुमच्या आवडीपेक्षा किंचित जास्त गोड लागला पाहिजे, पीठ घातल्यावर गोडवा उतरतो. गरज वाटली तर पाव वाटी गूळ वाढवा. गुळात हमखास खडे-कचरा असतो, म्हणून मिश्रण एकदा गाळून घ्या आणि पूर्ण गार होऊ द्या.

चाळणीवरच्या साली फेकायच्या आधी त्यावर दोन पेले गरम पाणी ओता, गूळ, काळं मीठ आणि जिरेपूड घाला, गाळा. वेचून थकलेल्या मंडळींना तोवर हे प्यायला होतं.

पीठ भिजवणं

गहू रोडग्यांसाठी जाडसर दळून आणतो तसाच घ्यायचा. दोन वाट्या. तो नसेल तर दीड वाटी रवा आणि अर्धी वाटी कणीक. चमचाभर तुपावर हे पीठ मंद आचेवर खमंग वास येईस्तोवर परतून घ्या, लाल करू नका.

परतलेलं पीठ गार झालं की त्यात गार झालेला गूळ-गर, अर्धी वाटी पातळ केलेलं तूप, चिमूटभर मीठ, चमचाभर वेलदोडा-सुंठेची पूड घाला. अर्धी वाटी दूध हळूहळू घालत कालवा. दूध गरम गरात घातलं तर फाटतं, म्हणून गार होण्याची घाई करायची नाही. हे मिश्रण झाकून अर्धा तास ठेवा. जाडसर दळलेला गहू या वेळात फुगतो आणि मिश्रण घट्ट होतं. तेव्हा अजून दोन-चार चमचे दूध घालून भज्याच्या पिठापेक्षा थोडं सैल करायचं. पळीतून थेंबाथेंबाने नाही, गोळ्याने पडलं पाहिजे.

खाण्याचा सोडा अर्धा चहाचा चमचा, आणि तो अगदी शेवटी. बोराचा गर आंबट असल्यामुळे सोडा पडताच फसफसायला लागतो, केक फुलतो तो याच बुडबुड्यांवर. सोडा घालून मग गोवऱ्या पेटवायला गेलात तर बुडबुडे निघून जातात आणि केकाची वीट होते. आधी निखारे तयार, भांड्याला तूप लावलेलं, झाकण हाताशी, मग सोडा. वर चमचाभर दूध टाकून दहा-बारा वेळा एकाच दिशेने ढवळा आणि ताबडतोब भांड्यात ओता. वरून चारोळी आणि तीळ.

निखाऱ्यावर भाजणं

भांडं जाड, उभ्या बाजूंचं, साधारण सात इंच व्यासाचं. आतून तुपाचा हात फिरवा आणि तळाला पळसाचं पान उलटं घाला. जानेवारीत पळसाची पानं अजून झाडावर असतात, जून आणि जाड, ती उत्तम. मिश्रण भांड्याच्या निम्म्याहून थोडं वर यावं, त्यापेक्षा जास्त भरू नका.

अंगणात वाऱ्याच्या आडोशाला दहा-बारा गोवऱ्या पेटवा. धूर संपून वर पांढरी राख धरली की निखारे तयार; याला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणजे पीठ भिजत ठेवतानाच पेटवायचं. हे दिवस वाळक्या गवताचे आणि कुटाराचे आहेत. बाजूला पाण्याची बादली ठेवा आणि गोठ्यापासून लांब बसा.

तीन विटांवर भांडं अशा बेताने ठेवायचं की बूड निखाऱ्यांपासून चार बोटं वर राहील. झाकण सपाट हवं. जुना तवा उलटा न घालता सुलटाच ठेवला तर त्याच्या खोलगट भागात निखारे नीट बसतात. निखाऱ्यांचा एक भाग खाली, दोन भाग वर. सगळी आच खाली लावायची सवय आपल्याला भाकरी-पोळीमुळे असते, इथे ती मोडायची. खाली आच जास्त झाली की गुळामुळे तळ जळतो आणि मधला भाग कच्चाच राहतो.

पहिली वीस मिनिटं झाकण उचलायचं नाही. मात्र दर दहा मिनिटांनी सांडशीने भांडं चतकोर फिरवत राहा, कारण वाऱ्याकडच्या बाजूचे निखारे जास्त फुलतात. वासावर लक्ष ठेवा. आधी तुपाचा, मग बोराचा, मग गुळाचा खरपूस वास येतो. त्यात करपट झाक आली की लगेच खालचे निखारे ओढून काढा आणि वरच्यांवर काम चालू द्या. चाळीस मिनिटांनी स्वच्छ काडी मधोमध खुपसून बघा. कोरडी निघाली तर झालं, पीठ चिकटलं तर वर ताजे निखारे घालून अजून दहा मिनिटं.

गॅसवर करायचं तर जाड कढईत दोन वाट्या वाळू किंवा जाडं मीठ पसरा, त्यावर ताटली, तिच्यावर भांडं. कढई झाकून दहा मिनिटं आधी तापवायची, मग मंद आचेवर पन्नास मिनिटं. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढा, पाणी घालू नका. ओव्हन असेल तर १८० अंश सेल्सिअसवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. या तिन्हींत केक नीट होतो, धुराची चव तेवढी येत नाही.

पोरांसाठी पानगे

केक होईस्तोवर पोरं थांबत नाहीत. म्हणून सोडा घालायच्या आधीच मिश्रणातली दोन-तीन पळ्या बाजूला काढून त्यात मूठभर कणीक मिसळा, थापता येईल इतकं घट्ट करा. पळसाच्या पानाच्या गुळगुळीत बाजूला तूप लावा, त्यावर लिंबाएवढा गोळा ठेवून बोटांनी पातळ थापा, वरून दुसरं पान. हे पुडकं तव्यावर किंवा निखाऱ्यांच्या कडेला ठेवा. खालचं पान तपकिरी होऊन कडा वळल्या की उलटायचं, दोन्ही बाजू मिळून सात-आठ मिनिटं. पान सोललं की पानगाच्या अंगावर त्याच्या शिरा उमटलेल्या दिसतात. खरं सांगायचं तर मला केकपेक्षा हेच आवडतात.

कापणं, ठेवणं, उरलेल्याचं काय

भांडं उतरवल्यावर अर्धा तास हात लावू नका. गूळ गरम असताना केक मऊ असतो आणि उलटताना मोडतो. कडेने सुरी फिरवा, ताटात उपडा करा, पान सोलून काढा. त्याच दिवशी छान लागतोच, पण दुसऱ्या दिवशी आंबट-गोड चव मुरते. थंडीच्या दिवसांत झाकून दोन दिवस राहतो, फ्रिजमध्ये चार-पाच. गार तुकडा तव्यावर थोड्या तुपात दोन्ही बाजूंनी परतून घ्यावा. वर साय घातली तर अजून काही नको.

जूनमध्ये जांभळं आली की हीच कृती जांभळाच्या गरावर करता येते, फक्त सोडा निम्मा घाला, नाहीतर जांभळाचा रंग सोड्याने राखाडी-निळा होतो. चवीला फरक पडत नाही, पण पाहुण्यांपुढे ठेवायला तो रंग बरा दिसत नाही.

उरलेली लाल बोरं सुपात पसरून कडक उन्हात वाळवा, रात्री घरात घ्या. पूर्ण वाळली की हलवल्यावर खडखडतात. उन्हाळ्यात ती रात्रभर भिजवून गूळ आणि चिमूट मीठ घालून उकडली की उकडबोरं तयार. अगदी कोरडी झालेली उखळात कुटून चाळली, मीठ-तिखट मिसळलं, की बोरकूट. ते बरणीत भरताना दोन चमचे बाजूला ठेवा आणि पुढच्या वेळी केकच्या पिठात घालून बघा. गर कमी पडला तरी आंबटपणा कमी पडत नाही.